उत्तरेकडे रोज पाव मिलिमीटर

२३ सप्टेंबर, शुक्रवार

भूकंपाला अकरा दिवस झाले. ही वही आजपासून. कार्यालयाच्या नोंदवहीत आकडे जातात, उरलेलं इथे. कल्पना ह्वांगबो साहेबांची. म्हणाले, "योम, मोठ्या कामात एक वही घरीही ठेवावी. आपण कोणत्या दिवशी थकलो होतो ते नंतर कळतं." मी थकलेली नाही. पण सूचना व्यवहार्य आहे.

काम असं. भूकंपात चोमसोंगदेचा, म्हणजे इथल्या जुन्या दगडी वेधशाळेचा, कल दोन सेंटिमीटरने वाढला. माथ्यावरच्या चौकटीतला एक दगड पाच सेंटिमीटर बाहेर आला. हे बातम्यांत आलं, ग्योंगजूतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पाठ नसलेला प्रश्न एवढाच की वेधशाळा आता थांबली आहे की अजून हलते आहे. ते मी सांगायचं. २० ऑक्टोबरला समिती बसेल. हलत असेल तर सत्तावीसही थर उतरवायचे, दगडांना क्रमांक द्यायचे, पाया नवा करायचा आणि पुन्हा रचायचं. आमच्या कागदांप्रमाणे शिल्ला राजांच्या काळापासून, चौदाशे वर्षांत, ती एकदाही उतरवलेली नाही.

दक्षिणेला, जुन्या खंदकाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा संदर्भखांब आहे. त्यावर यंत्र बसवून वेधशाळेच्या दगडांचे बारा ठरलेले कोपरे मोजायचे: चार तळाचे, चार मधले, चार माथ्याचे. रोज सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. दुसरा संदर्भ शेजारच्या कौलारू घराच्या भिंतीवर होता. ती भिंत पडली. एक खांब पुरेसा आहे. कागदावर त्याचा पाया खडकापर्यंत, सहा मीटर. बारा वर्षांपूर्वी ह्वांगबो साहेबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला.

२६ सप्टेंबर, सोमवार

तीन दिवसांत उत्तरेकडे ०.२, ०.३, ०.२ मिलिमीटर. बाराही बिंदू सारखे. कोपऱ्या-कोपऱ्यांतला फरक एक दशांशाच्या आत. इतके स्वच्छ आकडे मला आजवर मिळालेले नाहीत. यंत्र लावण्याची माझी पद्धत बरोबर आहे असा याचा अर्थ.

माथ्याच्या दगडाची देखरेख सोक गीदोक यांच्याकडे आहे. वय एकाहत्तर, पाथरवट. दिवसभर घडीच्या स्टुलावर बसून जवाचा चहा पितात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की सोक हे राजांचं आडनाव आहे, पूर्वजांनी राज्य केलं आणि आपण त्यांचे धोंडे उचलतो. मला ते 'इंजिनियरबाई' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मी अजून ठरवलेलं नाही.

आज म्हणाले, "इंजिनियरबाई, तुमच्या यंत्राची न्याहारी झाली का?"

"झाली."

"आणि त्या खांबाचे पाय किती लांब आहेत?"

मी त्यांना खडकापर्यंतचा पाया, सहा मीटर, स्थिर संदर्भ म्हणजे काय, हे सगळं नीट समजावलं. ते बराच वेळ मान हलवत होते.

२८ सप्टेंबर, बुधवार

०.३. दुपारी ३.१ चा धक्का. मी नवव्या मजल्यावर राहते. बूट दाराच्या आत, टाचा भिंतीकडे. पाण्याच्या दोन बाटल्या, ओळखपत्र, विजेरी एका पिशवीत. ही भीती नाही, सोय आहे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण रोज मोजते. आजही बदल नाही.

आईचा आन्दोंगहून फोन. "चार दिवस ये इकडे. इथली जमीन शहाणी आहे."

"काम आहे."

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस ते सांग. नाहीतर जेवली नाहीस."

पानात भात गुंडाळून देणाऱ्या खानावळीत जेवले होते, ते सांगितलं. तिथे आज सांडपाण्याचा नळ दुरुस्त करत होते. मालकीणबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून कामगाराला ओरडत होत्या, "कोपरापर्यंत. कोपराच्या खाली फावडं गेलं तर तुझं तू बघ." गिऱ्हाइकं हसत होती. खोल गेलं की शिल्ला काळातलं फुटकं कौल निघतं, कौल निघालं की उत्खननवाले येतात, ते आले की खानावळ दोन वर्षं बंद. या गावात कोणी खोल खणत नाही. मी इथे सहा वर्षं आहे, मलाही आता त्यात काही वावगं वाटत नाही.

१ ऑक्टोबर, शनिवार

एकूण २.१. ह्वांगबो साहेबांना आलेख दाखवला. ते सरळ रेषेकडे पाहत राहिले. मला वाटलं शाबासकी देतील.

"सगळे बिंदू सारखे?"

"सगळे."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग विषय बदलून म्हणाले की कायम पदासाठी माझं नाव त्यांनी पाठवलं आहे, मुलाखत नोव्हेंबरात. मी आल्यापासून करारावर आहे. आभार मानले. आनंद झाला असावा, कारण जिना उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत.

४ ऑक्टोबर, मंगळवार

अंतरिम अहवाल पाठवला. वाक्य माझं: 'संपूर्ण वास्तू पायासह उत्तरेकडे सरकत असून वेग स्थिर आहे.' खाली माझा शिक्का, त्याखाली साहेबांचा. शिक्का मारण्याआधी ते म्हणाले, "आणखी आठवडाभर मोजलं असतं तर?"

"आकडे स्पष्ट आहेत, साहेब."

त्यांनी शिक्का मारला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

काल वादळी पाऊस. खंदक भरून वाहतोय. आजचा आकडा ०.९. एका दिवसात. दोनदा मोजला, तिसऱ्यांदाही. बाराही बिंदू ०.९.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला, थेट मला. उतरवण्याची तयारी सुरू करायला सांगितली आहे म्हणाले. "इतके स्पष्ट आकडे देणारा तंत्रज्ञ आम्हाला क्वचित मिळतो."

झोप चार तास. काही कारण नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

हे क्रमाने लिहिते.

सकाळी मापन झालं. एकूण ४.४. सोक काका वाटच पाहत होते. त्यांना कालच दगडांच्या चिठ्ठ्यांचं काम सांगितलंय: तीनशे बासष्ट चिठ्ठ्या, एकेका दगडाला एक. चिठ्ठ्यांचा गठ्ठा स्टुलावर होता आणि ते उभे होते. त्यांना उभं मी कमी वेळा पाहिलंय.

"इंजिनियरबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"वरचे दगड किती सरकले म्हणता?"

"चार पूर्णांक चार मिलिमीटर."

"आणि खालचे?"

"तेवढेच."

"मधले?"

"तेवढेच, काका."

"म्हणजे अख्खी बाई घागरा सावरून उठली आणि डुलत न डुलता चालायला लागली. भूकंपात याच दगडांनी एकमेकांना कोपरं मारून वाकडं केलं. आता एकदम एवढी एकी कुठून आली?"

मी म्हटलं, पाया सरकत असेल तर तसंच होणार.

"होईल ना. का नाही होणार. पण मग ती उत्तरेला गेली, तर दक्षिणेला तिच्या पायाशी तेवढी फट पाहिजे. उत्तरेला गवत वर उचललं गेलं पाहिजे. दाखवा मला. मी म्हातारा, मला दिसत नाही."

मी गुडघ्यांवर बसून चारी बाजू फिरले. साडेनऊपासून पाऊण तास. शाळेच्या सहली बंद आहेत, त्यामुळे बघायला कोणी नव्हतं. दक्षिणेला तळाच्या दगडावरचं शेवाळ मातीवर अखंड उतरलेलं आहे. कुठेही तुटलेलं नाही. ते एका पंधरवड्यात वाढलेलं असणं शक्य नाही. उत्तरेला गवत सपाट.

उठले तेव्हा सोक काका चहा ओतत होते. वेधशाळेकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खांबाकडे बघत होते.

खांबाशी गेले. वेधशाळेकडच्या बाजूला, काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये फट. कॉसमॉसच्या फुलाची एक पाकळी तिच्यात उभी अडकली होती. जाडी मोजायच्या पट्ट्या घातल्या. साडेचारची पट्टी गेली नाही. ४.४ ला माझ्याकडे पट्टी नाही, पण चारची सैल जात होती. खंदकाकडच्या बाजूला माती फुगून वर आली आहे.

मोजपट्टी ठेवून सात फोटो काढले.

वेधशाळा उत्तरेला जात नाहीये. खांब दक्षिणेला, खंदकाकडे जातो आहे. पंधरा दिवस मी खांबाचं चालणं मोजलं आणि ते चोमसोंगदेच्या नावावर लिहिलं. बाराही बिंदू सारखे, कारण चूक एकच होती आणि तिच्यावर मी उभी होते.

१० ऑक्टोबर, सोमवार

खडकापर्यंत सहा मीटर असलेला खांब खंदकाकडे सरकू शकत नाही. म्हणून बारीक सळई घेऊन गेले. खणलं नाही. खांबाला लागून सळई तिरकी घातली, काँक्रीटला टेकवत टेकवत. बेचाळीस सेंटिमीटरवर ती खांबाच्या खालून पलीकडे गेली. दुसऱ्या बाजूनेही बेचाळीस. परवानगी घेतलेली नव्हती. तशी नोंद करते.

सोक काका शेजारी येऊन उकिडवे बसले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मीच तर खणलं होतं. ढोपरापर्यंत गेलो आणि फावड्याखाली कौल वाजलं. खर्रकन. साहेबांनी कौलाकडे बघितलं, मी साहेबांकडे बघितलं. मग ते कौल आम्ही परत झाकलं. कमळाची नक्षी होती, चांगलं होतं. वरून काँक्रीट ओतलं."

"कागदावर सहा मीटर लिहिलंय."

"कागद मी नाही लिहिला. मी राजघराण्यातला आहे, मला लिहिता येत नाही."

"पहिल्याच दिवशी सरळ सांगायचं होतंत."

"विचारलं की, पाय किती लांब म्हणून. तुम्ही मला शिकवायला लागलात."

मी त्या दिवसाची नोंद काढून वाचली. त्यांचं बरोबर आहे.

११ ऑक्टोबर, मंगळवार

दार लावून घेतलं तेव्हाच ह्वांगबो साहेबांना कळलं असावं. त्यांनी चहा ओतला. मी दोन्ही हातांनी कप घेतला आणि प्यायले नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस सेंटिमीटर."

"मला चाळीस आठवत होतं."

बाहेर कुणीतरी छपाईयंत्रात कागद भरत होतं.

"तेव्हा खोल गेलो असतो तर तीन वर्षं उत्खनन," ते म्हणाले. "तीन वर्षं तिला कोणी मोजलं नसतं. वाटलं, खांब नसण्यापेक्षा आखूड खांब बरा."

"मग कागदावर आखूड लिहायचं."

"हो."

"दुरुस्ती पाठवायला हवी, साहेब."

"तिच्यावर माझा शिक्का मागशील."

"पहिल्यावर माझाही आहे."

ते हसले. वाईट हसले नाहीत. मग म्हणाले, समितीकडून ते एक महिना मागून घेतील: पावसाने आकडे बिघडले, आणखी मोजायला हवं. तेवढ्यात दुसरीकडे नवा खांब. वेधशाळा वाचेल आणि जुन्या कागदाला कोणी हात लावणार नाही. "माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. हे तुला सांगायला नको होतं. सांगितलं."

"समिती थांबेल?"

"थांबवतो. शुक्रवारपर्यंत वेळ दे मला."

मी दिला. या निर्णयाला तांत्रिक आधार नाही हे मला माहीत आहे. मला यंत्र धरायला त्यांनी शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात माझी बोटं बधिर व्हायची तेव्हा स्वतःचे हातमोजे यंत्राच्या पेटीत 'विसरून' जायचे. ते विसरत नव्हते, हे मला आज लिहिताना सुचलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सात. फट नाही.

खांबाभोवती माती दाबून भरलेली, वर गवताचे चौकोन बसवलेले, पाणी घातलेलं. खंदकाकडचा फुगवटा सपाट. काम उत्तम. माहीत नसलेल्याला सांध्याची रेषही दिसणार नाही.

मी तिथे चार मिनिटं उभी होते. पहिला विचार साहेबांचाच आला.

सोक काका स्टुलावर नव्हते. दगडांच्या शेडमध्ये सापडले, चिठ्ठ्यांना दोरे ओवत.

"साहेबांनी सांगितलं तुम्हाला?"

"साहेब कशाला सांगतात. फावड्याची आणि माझी जुनी ओळख आहे."

"फट तुम्हीच मला दाखवलीत."

"दाखवली. चोमसोंगदे उतरू नये म्हणून. माणूस उतरवायला नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "साहेब म्हणाले समितीला थांबवतो. मग झालं ना. आता ते भोक कशाला उघडं ठेवायचं, कुणीतरी बोट घालायला?"

"समिती थांबली नाही तर?"

"माझी बायको गेली तेव्हा हा माणूस तीन दिवस दाराशी होता. माझा साहेब. आत लोक रडत होते, जेवत होते, रात्र जागवायला पत्ते खेळत होते, आणि हा बाहेर वाकून सगळ्यांचे जोडे सरळ लावत होता. तुम्हाला काय ठाऊक."

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "माझ्याकडे फोटो आहेत."

त्यांनी दोऱ्याची गाठ दातांनी तोडली. "असतील. तुमच्याकडे सगळं असतं."

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

तीनला साहेबांनी बोलावलं. समितीने मुदत नाकारली. हिवाळ्याआधी माथा उतरवायचा आहे. अध्यक्ष म्हणाले, आकडे इतके स्वच्छ आहेत की आणखी मोजण्याची गरज नाही.

साहेब म्हणाले नाहीत की दुरुस्ती पाठव. पाठवू नकोस, असंही म्हणाले नाहीत. खिडकीशी उभे होते आणि पाठ माझ्याकडे होती. इतक्या वर्षांत त्यांनी उभ्याने बोलताना कुणाला पाठ दाखवलेली मी पाहिलेली नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती पाठवली. सात फोटो, सळईचं मापन, शेवाळाची नोंद. कारण या रकान्यात: 'संदर्भखांबाचा पाया कागदोपत्री नोंदीप्रमाणे नाही. मूळ निष्कर्ष माझा होता व तो चुकीचा आहे.' एकटा माझा शिक्का. तो नीट सरळ उमटला.

घरी आल्यावर चौकटीचे कर्ण मोजले. पट्टी तीनदा घसरली.

१७ ऑक्टोबर, सोमवार

समितीकडून पोच नाही. शेडमध्ये चिठ्ठ्या तयार आहेत. परांची बांधायचे नळ ट्रकमधून आले आणि गवतावर उतरवले गेले. मापन चालू ठेवलंय: ०.३. आता याला काय म्हणायचं ते कळत नाही, तरी लिहिते. सोक काकांना नमस्कार केला. त्यांनी नळ मोजायला घेतले.

२० ऑक्टोबर, गुरुवार

बैठक दहाला. लांब टेबल, अकरा माणसं, मी शेवटच्या खुर्चीत. माझी दुरुस्ती सगळ्यांसमोर होती.

अध्यक्ष सौम्यपणे बोलले. सौम्यपणा मला जड गेला. "योमबाई, आम्ही समजू शकतो. एवढ्या मोठ्या निर्णयाचा भार तरुण माणसावर पडला की मागे पाऊल घ्यावंसं वाटतं."

"मी मागे पाऊल घेतलेलं नाही. मापन चुकीचं होतं."

"आज सकाळी आमचे दोन सदस्य खांब पाहून आले. फट नाही."

"ती बुजवली आहे."

"कोणी?"

मी नाव न घेता फोटो पुढे सरकवले. यासाठी माझ्याकडे काही कारण नाही, निदान लिहिण्यासारखं नाही. एक सदस्य फोटो उलटसुलट करत म्हणाले, हा कोणताही खांब असू शकतो. दुसरे म्हणाले, भूकंपानंतर झोप न झालेली बरीच माणसं आपल्या कार्यालयात आहेत. कोणीतरी हसलं.

तेव्हा ह्वांगबो साहेब उठले. जाकिटाचं बटण लावलं.

"सळई पुन्हा घालून बघा," ते म्हणाले. "बेचाळीस सेंटिमीटर. खाली कौल आहे, कमळाची नक्षी असलेलं. मी पाहिलंय, कारण मीच ते झाकायला सांगितलं. सहा मीटर हा आकडाही माझा. या मुलीने बारा वर्षं जुन्या माझ्या खोट्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. वरिष्ठाचा खांब तपासायची आपल्याकडे पद्धत नाही."

ते बसले नाहीत. वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि तसेच वाकलेले राहिले. अध्यक्षांनी पुरे म्हणेपर्यंत.

सळई दुपारी घातली गेली. साडेतीनला निर्णय: उतरवायचं नाही. माथ्याचा एक दगड जागेवर बसवायचा आणि वर्षभर दुसऱ्या पद्धतीने मोजायचं.

मला बरं वाटायला हवं होतं. मी प्रसाधनगृहात जाऊन हात धुतले. बाहेर आले तेव्हा पुन्हा धुवावेसे वाटले.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

ह्वांगबो साहेब रजेवर. चौकशी होईपर्यंत. टेबल रिकामं आहे, खुर्ची आत सरकवलेली. माझी मुलाखत 'पुढील सूचनेपर्यंत स्थगित'.

बाराला सगळे जेवायला निघाले. मी कोट घातला तेव्हा एकजण म्हणाला, "अरे, आम्ही आधीच सहा माणसांचं सांगून ठेवलंय." आमच्या गटात माझ्यासकट सात आहेत. मला एकटीने जेवायला हरकत नाही. हाडांचा रस्सा आणि भात. भात अर्धा ठेवला.

आईने विचारलं, "काय जेवलीस?" मी सगळं सांगितलं. जेवणाचं नव्हे, बाकीचं. ती बराच वेळ ऐकत होती आणि मग म्हणाली, "त्या साहेबांना भेटलीस?"

"नाही. योग्य दिसणार नाही."

"कुणाला?"



३० ऑक्टोबर, रविवार

पर्सिमन फळांची पेटी घेऊन साहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नींनी दार उघडलं, आत या म्हणाल्या. ते घरी नव्हते, किंवा होते. उंबऱ्याशी पुरुषाच्या जोड्यांचा एकच जोड होता. मी पेटी ठेवून निघाले. फाटकाशी पोचेपर्यंत मागून बाईंनी हाक मारली, "ते म्हणतात, नव्या खांबाचं काय झालं?"

म्हटलं, उद्या खणायला घेतोय. खडकापर्यंत.

बाई आत गेल्या, बाहेर आल्या. "म्हणतात, वेड्या आहात."

३ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारी खणायला घेतलं, मंगळवारी अडुसष्ट सेंटिमीटरवर कौलांचा थर लागला. काल उत्खननवाले आले. दोऱ्यांचे चौकोन, तंबू, ब्रश. त्यांच्या प्रमुख फार खूश आहेत. अंदाजे तीन वर्षं, म्हणाल्या.

तोवर संदर्भ नाही. वेधशाळेला तिच्याशीच ताडून पाहायचं. आत, खिडकीच्या वरच्या दगडापासून ओळंबा सोडायचा आणि त्याच्या टोकाखाली पितळी पट्टीवर वाचन घ्यायचं. शून्य म्हणजे ती हललेली नाही. आजचं पहिलं.

नियमाप्रमाणे शिडीला दुसरा माणूस लागतो, आणि तिथे नेमणूक सोक काकांची आहे. तेरा ऑक्टोबरनंतर ते माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. आज आले, शिडी लावली, पाय रोवून धरली. मी चढले.

खिडकीतून आत सरकावं लागतं, कंबर वाकडी करून. आत खिडकीखालपर्यंत माती भरलेली आहे, त्यावर उभं राहता येतं. वर दगडांच्या चौकटीतून आकाशाचा तुकडा. दगड आतून ओबडधोबड आहेत. बाहेरची गोलाई आत कोणी घडवलेली नाही. इतक्या आत मी याआधी आले नव्हते. सगळी मापनं बाहेरून केली.

ओळंबा सोडला. तो स्थिरावायला मला सहा मिनिटं लागतील असं वाटलं होतं. चौथ्या मिनिटाला धक्का आला. मोठा नव्हता. नंतर कळलं, २.९. पण आत तो खालून आला नाही, चहूबाजूंनी आला. दगडांनी दातांसारखा आवाज केला आणि माती वरून मानेवर पडली. नियम आहे की धक्का बसताच बाहेर यायचं. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि ओळंब्याकडे बघत राहिले. थरथरतोय तो, की मी, हे वेगळं करायला वेळ गेला. मी घाबरले होते. हे इथे लिहिते.

अकरा मिनिटांनी तो पूर्ण थांबला. वाचन घेतलं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

धक्का आला की शिडी धरणाऱ्याने दहा मीटर लांब जायचं, असाही नियम आहे. सोक काका जिथे होते तिथेच होते, दोन्ही हात शिडीवर, मान वर. टोपीवर माती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"शून्य कसं असेल. आत्ता हलली ना. पुन्हा मोज, पोरी."

मी परत आत गेले.